हॉलिस मान डोलावतो

अमेरिकेत, मिशिगनमधल्या ट्रॉयच्या मराठी मंडळींचं एरवी कशावरही एकमत होत नाही. गणपतीच्या जेवणात मसालेभात असावा की पुलाव, यावर दोन वर्षं भांडण चाललं. पण शशिकांत ओगल्यांच्या बाबतीत सगळे एक होते. माणूस हुशार आहे, आणि त्याच्या शेजारी जेवायला बसू नये. ओगल्यांचंही मंडळींबद्दल एकच मत होतं. ही सगळी मर्त्य माणसं आहेत.

आता 'मर्त्य' म्हणजे आपणही एक दिवस जाणार आहोत, हे ओगल्यांच्या डोक्यात नसायचं. तो त्यांच्या खेळातला शब्द होता, आणि तो समजायला थोडं मागे जावं लागेल.

एकोणीसशे एकोणनव्वदला ओगले पुण्याहून ट्रॉयजवळच्या ॲन आर्बरला एमएस करायला आले. बर्फाला कंटाळून ते डिपार्टमेंटच्या तळघरातल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये बसू लागले आणि तिथे त्यांना एक खेळ सापडला. चित्र नाही, आवाज नाही, काळ्या पडद्यावर नुसते इंग्रजी शब्द. 'तुम्ही दगडी चौकात उभे आहात. उत्तरेला वेस आहे.' 'नॉर्थ' असं टाइप केलं की उत्तरेला जायचं, आणि तिथे नॉर्वेतला कुणी विद्यार्थी हातात शब्दांचीच तलवार घेऊन उभा असायचा. चौकात आणखी दहाजण असले तर तेही दिसायचे, म्हणजे त्यांची नावं दिसायची. 'अमका हसतो.' 'तमका मान डोलावतो.' जगभरातली माणसं एका चौकात, आणि सगळं वाचून कळायचं.

असले खेळ ओगल्यांनी काढले नव्हते. पहिला खेळ सत्तरीच्या दशकात इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात दोन पोरांनी लिहिला. पुढे नव्वदीच्या सुरुवातीला डेन्मार्कच्या पाच विद्यार्थ्यांनी असा काही प्रोग्रॅम लिहून वाटला की कुणीही तो उचलावा आणि आपलं जग थाटावं. ओगल्यांनी उचलला. आयत्या बिळावर नागोबा. डिपार्टमेंटच्या एका जुनाट मशीनवर त्यांनी 'सेव्हन गेट्स' नावाचं शहर उभं केलं. अशा खेळांत साध्या खेळाडूला मर्त्य म्हणायचे, आणि ज्याच्या हातात मशीनच्या किल्ल्या तो विझर्ड. विझर्ड कुणालाही मारू शकतो, हाकलू शकतो, मनात आलं तर बेडूक करून ठेवू शकतो. एक्क्याण्णवच्या ऑक्टोबरात ओगले विझर्ड झाले. त्या खुर्चीवरून ते अजून उतरलेले नाहीत.

बाहेरच्या जगात त्यांनी सव्वीस वर्षं गाड्यांच्या वायपरचं सॉफ्टवेअर लिहिलं. पाऊस किती पडला की वायपर किती वेगाने हलावा, एवढंच. ज्याने सात वेशींचं शहर वसवलं त्याने काचा पुसाव्यात, याचा राग त्यांनी कंपनीवर काढला नाही, कारण कंपनी पगार देत होती. तो त्यांनी उरलेल्या सगळ्यांवर काढला. ट्रॉयच्या मराठी मंडळात कुणी घराच्या हप्त्यांचा, कुणी लॉनवरच्या तणाचा विषय काढला, की ओगले नाकाने कांदे सोलायला लागायचे. "तुम्ही लोक चित्रं बघता. आम्ही वाचत होतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, आणि ते त्यांनी एका मुंजीत मुंजमुलालाही ऐकवलं होतं.

त्र्याण्णव साली सेव्हन गेट्समध्ये एका वेळी एकशेचाळीस माणसं असायची. मग चित्रांचे खेळ आले आणि माणसं गेली. ओगल्यांच्या मते माणसं अडाणी झाली म्हणून गेली. खरी गोष्ट अशी की निम्मी त्याआधीच गेली होती, आणि ती ओगल्यांमुळे गेली होती. ते मशीन पुढे त्यांच्या घराच्या बेसमेंटमध्ये आलं. आता खेळात हजर असलेल्यांची यादी मागितली की दोन नावं यायची. एक विझर्ड शशी. दुसरं हॉलिस.

हा हॉलिस म्हणजे ओगल्यांच्या आयुष्यातला एकुलता एक बरोबरीचा माणूस. पहिल्या महिन्यापासून तो सेव्हन गेट्समध्ये होता. खानावळीच्या खोलीत खिडकीजवळच्या बाकावर बसलेला असायचा, कधीही जा. ओगल्यांचा क्रम ठरलेला होता. सकाळी पोहे खाऊन झाले की ते एका फाइलमध्ये आपलं त्या दिवसाचं चिंतन लिहून काढायचे. विषय काहीही असे, हल्लीच्या पोरांचं वाचन, मंडळाचा कार्यक्रम, मनुष्यजात. दुपारी चारला खाली जाऊन ती चाळीस-पन्नास ओळींची फाइल ते एका झटक्यात खानावळीत ओतायचे. थोड्या वेळाने पडद्यावर उमटायचं, 'हॉलिस गंभीरपणे मान डोलावतो.' कधी, 'हॉलिस म्हणतो, खरं आहे.' कधी, 'हॉलिस म्हणतो, हं, पुढे?' आणि ओगल्यांनी काही विचारलं, की हमखास, 'हॉलिस म्हणतो, हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार?'

अशी माणसं मंडळात मिळतात का? हॉलिस प्रत्यक्षात कोण आहे हे ओगल्यांनी कधी विचारलं नाही. थोरामोठ्यांच्या मैत्रीत असल्या चौकशा नसतात, असं त्यांना वाटायचं. पण मनात एक चित्र पक्कं होतं. व्हरमाँटमध्ये राहणारा निवृत्त इंग्लिश प्रोफेसर, पाइप ओढणारा, भिंतभर पुस्तकं. रेणूने, म्हणजे त्यांच्या बायकोने, फार वर्षांपूर्वी एकदा विचारलं होतं, "तिथे कोण येतं रे एवढं?" त्यावर ते म्हणाले होते, "तुला नाही कळायचं." रेणू हॉस्पिटलमध्ये फार्मासिस्ट होती. तिला पुष्कळ कळायचं. तिने पुन्हा विचारलं नाही.

खेळात ओगल्यांनी एक नियम केला होता आणि त्याचा त्यांना फार अभिमान होता. वीस मिनिटं जो काही बोलणार नाही, काही करणार नाही, त्याला खेळ आपोआप बाहेर काढेल. नुसतं नाव लावून बसणाऱ्या फुकट्यांसाठी तो नियम होता. दुसरीकडचे विझर्ड स्वतःला अशा नियमांतून वगळायचे. ओगल्यांनी वगळलं नव्हतं. "कायदा सगळ्यांना सारखा," असं ते छातीवर हात ठेवून सांगत. तेहतीस वर्षांत तो त्यांना एकदाही लागू झाला नाही, कारण वीस मिनिटं गप्प बसण्याची त्यांच्यावर कधी वेळच आली नव्हती.

मग गेल्या वर्षी ॲन आर्बरच्या एका लायब्ररीने शब्दांच्या जुन्या खेळांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं. काम बघणारी मुलगी होती अनिका. मंडळाच्या संजीवची मुलगी, इथेच जन्मलेली. तिचा फोन आला तेव्हा ओगल्यांना मुळीच आश्चर्य वाटलं नाही. उशीर झाला, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

त्यांचा दावा असा होता. एक्क्याण्णवच्या डिसेंबरात सेव्हन गेट्समध्ये खेळाडूंनी आपल्यातले पाचजण निवडले आणि खेळातली भांडणं त्या पाचांनी मिटवायची ठरलं. विझर्डच्या लहरीऐवजी पंचायत. आपल्या माहितीत तरी असं आधी कुणी केलं नव्हतं, असं ओगले म्हणत. एवढं एक वाक्य आणि खाली आपलं नाव त्या भिंतीवर लागावं, ही त्यांची इच्छा होती. इच्छा कसली, हाव होती. कारण त्या वाक्यातून सव्वीस वर्षांच्या वायपरची भरपाई होणार होती. मर्त्यांनी सहकुटुंब येऊन ते वाचायचं होतं.

"काका, सो कूल," अनिका म्हणाली. "पण आमचा रूल आहे. एव्हरी क्लेमला सेकंड पर्सन लागतो. तिथे असलेलं कोणीतरी."

ओगल्यांनी अकरा जुन्या खेळाडूंना ईमेल पाठवल्या. दहांचं उत्तर आलं नाही. अकराव्याने एकच ओळ लिहिली, 'तू मला बेडूक केलं होतंस.' कृतघ्न लोक. मग ओगले खानावळीत गेले आणि हॉलिसला विचारलं, पंचायतीबद्दल साक्ष द्याल का? हॉलिस म्हणाला, हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार? ओगल्यांना भरून आलं. त्यांनी ते पान छापून अनिकाला दिलं. तिने दोनदा वाचलं आणि विचारलं, "याचं खरं नाव? फोन नंबर?" ओगल्यांनी नाव विचारलं तर हॉलिसने पुन्हा तेच उत्तर दिलं. ओगल्यांच्या मते हा विद्वानाचा विनय होता.

अनिका विनयावर थांबली नाही. जुन्या खेळाडूंचा एक ऑनलाइन ग्रुप होता, तिथे तिने 'सेव्हन गेट्सचा हॉलिस कुठे आहे?' असं टाकलं. तीन दिवसांत तिला माणूस सापडला.

रविवारी दुपारी ती ओगल्यांच्या घरी आली. रेणूने चहा केला, चिवडा काढला. अनिका जरा अवघडून बसली होती. शेवटी तिने फोन टेबलावर ठेवला, स्पीकर लावला आणि म्हणाली, "काका, ही इज ऑन द लाइन. तुम्हीच बोला."

ओगले खुर्चीत ताठ झाले. त्यांनी इंग्रजीत, घसा साफ करून, तेहतीस वर्षांच्या स्नेहाबद्दल एक वाक्य तयार ठेवलं होतं. ते निघायच्या आतच पलीकडून आवाज आला.

"नमस्कार शशिकांतजी. केदार देशकर बोलतोय, डब्लिनवरून. आपलं ओहायोचं डब्लिन. मूळचा नागपूरचा. हॉलिस म्हणजे मीच जी."

ओगल्यांचा पाइप ओढणारा प्रोफेसर तिथल्या तिथे वारला. नागपूर! विझर्डच्या खानावळीत, खिडकीजवळच्या बाकावर, नागपूर बसलं होतं. पहिल्यांदा त्यांना दुःख झालं नाही, किळस आली. तो माणूस खोटं बोलतोय असं त्यांनी ठरवून टाकलं.

"असं?" ते म्हणाले. "मग परवा मी खानावळीत कशावर बोललो ते सांगा."

"परवा मी नव्हतो न तिथे," केदार म्हणाले. "मी नाइंटी सिक्सपासूनच नाही."

मग त्यांनी सांगितलं, आणि अगदी मोकळेपणाने सांगितलं, जणू गाडीच्या बॅटरीबद्दल बोलत होते. ओहायोतल्याच कोलंबसला शिकत असताना ते रोज खेळात यायचे. मग लग्न झालं, नोकरी लागली, वेळ होईना. तेव्हा त्यांनी चार ओळींचं एक स्क्रिप्ट लिहिलं, म्हणजे आपोआप चालणारा छोटासा प्रोग्रॅम. खोलीत कुणी बोललं की पाच-सात सेकंद थांबायचं आणि मान डोलवायची, नाहीतर 'खरं आहे' किंवा 'हं, पुढे?' म्हणायचं. वाक्यात प्रश्नचिन्ह असलं तर 'हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार?' आणि दर पंधरा मिनिटांनी उगीच खिडकीबाहेर बघायचं, म्हणजे वीस मिनिटांचा नियम लागणार नाही.

"अजून चालूच आहे ते," केदार म्हणाले. "छोटासा कॉम्प्युटर आहे, बेसमेंटमध्ये वॉटर हीटरच्या बाजूला ठेवलाय."

अनिका चिवड्यातले शेंगदाणे वेचत होती. रेणूने बशी खाली ठेवली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही, आणि हे तिने फार चांगलं केलं.

"कशासाठी?" ओगल्यांनी विचारलं. त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बराच लहान निघाला.

"आता काय सांगू जी. तेव्हा लिस्टमध्ये सहा-सात नावंच राहिली होती. माझ्या मनात आलं, आपणही गेलो तर हा माणूस अगदीच एकटा पडेल. मग कॉम्प्युटर बदलला की तेवढं उचलून नव्यावर ठेवत गेलो. मिसेस विचारते, हे काय आहे? मी म्हणतो, शेजारी गावाला गेले की त्यांच्या कुंड्यांना पाणी घालतो न आपण, तसं समज."

दया. तेहतीस वर्षं ज्यांनी सगळ्या जगाला तुच्छ लेखलं, त्या ओगल्यांवर एका नागपूरकराने अठ्ठावीस वर्षं दया केली होती, आणि तीसुद्धा स्वतः हजर न राहता.

"मला सांगायचं तरी," ओगले म्हणाले. "हा सरळ विश्वासघात आहे."

"सांगितलं होतं न. तीनदा सांगितलं. तुम्ही बोलून राहिले होते." केदारच्या आवाजात तक्रार नव्हती. "एकदा डेट्रॉइटच्या मराठी अधिवेशनातही भेटलो मी तुम्हाला, श्रीखंडाच्या लाइनीत. म्हटलं, मी डब्लिनवरून आलो. तुम्ही 'हो का' म्हणाले अन् पुढे निघून गेले."

अनिकाने घाईघाईने विषय पंचायतीवर आणला. त्याबद्दल केदारनी लेखी दिलंच होतं, तिने ते वाचून दाखवलं. पंचायत खरंच झाली होती. ओगल्यांनीच ती मांडली होती, ते श्रेय त्यांचंच. केदार त्या पाचांपैकी एक होते. पहिलाच खटला विझर्डवर होता. एका खेळाडूने त्यांचं भाषण मध्येच तोडलं म्हणून त्यांनी त्याला बेडूक केलं होतं. पाचही जणांनी एकमताने निकाल दिला की विझर्डने माफी मागावी. त्याच दिवशी विझर्डने पंचायत बरखास्त केली. ती अकरा दिवस चालली.

हे ओगले विसरले होते. पांघरूण घालणं वेगळं आणि विसरणं वेगळं. ते खरोखरच विसरले होते. त्यांच्या आठवणीत खेळाडू अपरिपक्व निघाले होते, एवढंच होतं.

"काका, दोन्ही नेम्स येतील, तुमचं आणि त्यांचं," अनिका म्हणाली. "पण स्टेटमेंट पूर्ण प्रिंट करावं लागेल. अर्धं नाही. फ्रायडेपर्यंत मला यस ऑर नो सांगा." जाताना तिने केदारचा नंबर एका कागदावर लिहून चिवड्याच्या डब्याखाली ठेवला.

ओगले तो कागद घेऊन बेसमेंटमध्ये गेले. उत्तर 'नो' असणार हे ठरलेलंच होतं. त्याआधी त्यांना त्या माणसाला खोटं पाडायचं होतं, आणि साधन हाताशी होतं. खेळात कोण कधी काय बोललं, याची ओळन् ओळ मशीन पहिल्या दिवसापासून साठवून ठेवत होतं. आपली चिंतनं पुढे कुणीतरी अभ्यासेल या आशेने ओगल्यांनी त्यातलं काहीही कधी पुसलं नव्हतं. त्यांनी शहाण्णव साल उघडलं.

मार्चमध्ये सापडलं. चिंतनाचा विषय होता 'संभाषण ही लोप पावणारी कला'. बेचाळीस ओळी, आणि त्या बेचाळीसांच्या मधोमध, ओगल्यांचा मजकूर धडाधड ओतला जात असताना पडद्यावरून वर सरकून गेलेली एक ओळ होती. 'हॉलिस म्हणतो, शशी, नोकरी लागली, कदाचित यापुढे यायला जमणार नाही.' तिच्याखाली विझर्ड शशीच्या आणखी वीस ओळी.

दुसरी एप्रिलमधली. 'हॉलिस म्हणतो, मुलगी झाली.' त्याखाली ओगल्यांच्या एकतीस ओळी, मॉडेमच्या वेगावर.

तिसरी मे महिन्याची होती आणि ती इंग्रजी अक्षरांत मराठीत होती. 'मीपण मराठीच आहे. तुमच्या बोलण्यावरून ओळखलं होतं. आता ओहायोत डब्लिनला राहतो, तुमच्यापासून चार तास. एकदा या जेवायला.' ओगल्यांनी त्याखालची आपली उत्तरं वाचली. तो दिवस अमेरिकेतल्या मराठी माणसाच्या वैचारिक दारिद्र्याचा होता. अठ्ठेचाळीस ओळी होत्या. त्या संपल्यावर सहा सेकंदांनी, पहिल्यांदाच, 'हॉलिस गंभीरपणे मान डोलावतो.'

ओगले ती अठ्ठेचाळीस ओळींची सगळी फाइल वाचत बसले. चिंतन म्हणून ते टाकाऊ होतं, हेही त्यांच्या लक्षात आलं. आपलं लिहिलेलं त्यांनी कधी पुन्हा वाचलं नव्हतं. समोरच्याचं तर त्यांनी एकदाही वाचलं नव्हतं. वाचणारे आम्ही, असं मुंजीत सांगणारा माणूस हा.

त्यांनी अनिकाला मेसेज केला, 'यस. पूर्ण छाप.' एवढ्याने माणूस सुधारतो असं कुणी समजू नये. ते फक्त दमले होते.

कागदावरचा नंबर समोर होता. पण फोन करायचा म्हणजे पलीकडचा माणूस बोलणार, आणि त्याची ओगल्यांना सवय नव्हती. ते खानावळीत गेले. खिडकीजवळच्या बाकावर हॉलिस होताच. आज फाइल नव्हती. त्यांनी एकेक अक्षर टाइप केलं. 'केदार, मुलीचं नाव काय ठेवलं?'

पाच-सात सेकंद गेले. 'हॉलिस म्हणतो, हे तुमच्याशिवाय कुणाला कळणार?'

हे असंच होणार हे त्यांना माहीत होतं. तरी ते थांबले. डब्लिनमध्ये वॉटर हीटरच्या बाजूला कुणीतरी सहज पडद्याकडे बघेल, असं त्यांना वाटलं असावं. मधे लिहिण्यासारखं पुष्कळ सुचलं, पण पुन्हा काही सरकून जाईल म्हणून त्यांनी बोटं कीबोर्डवरून काढून मांडीवर ठेवली. वर रेणू चहाची भांडी घासत होती. हॉलिसने एकदा खिडकीबाहेर बघितलं. ओगले पडद्याकडे बघत राहिले आणि काहीही बोलले नाहीत.

विसाव्या मिनिटाला खेळाने त्यांना बाहेर काढलं. 'तुम्ही फार वेळ गप्प आहात,' असं पडद्यावर आलं, त्यांच्याच शब्दांत, एक्क्याण्णव साली त्यांनीच लिहिलेलं. त्याखाली, नियमाप्रमाणे, खेळात अजून हजर असलेल्यांची यादी आली. त्यात एकच नाव होतं.